तीन नंबरच्या मशीनची लाइन

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी तीन नंबरच्या मशीनची कूलंट लाइन मी धुतली नव्हती, आणि रजिस्टरात ‘धुतली’ असं लिहून खाली सही केली होती.

एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये मी तेव्हा सुपरवायझर होतो. फौंड्रीतून आलेले बिडाचे जॉब, म्हणजे ओतीव भाग, आम्ही कापून मापात आणायचो. कापताना हत्यार तापू नये म्हणून त्यावर दुधासारखं पांढरं पाणी सतत पडत असतं, ते कूलंट. खालच्या टाकीतून पंप ते पाइपानं, म्हणजे लाइननं, वर चढवतो, आणि जॉबवर पडून ते पुन्हा टाकीत येतं. ते पाण्यात मिसळायचं काम आमच्या सेटरकडे, म्हणजे मशीनवर हत्यारं लावून माप बसवणाऱ्याकडे होतं. तो मुरगूडचा. आयटीआयला आम्ही एका बाकावर बसायचो, आणि या शॉपात त्याला मीच आणला होता.

त्या वर्षी कूलंट सारखं नासायला लागलं. सुट्टीनंतर मशीन सुरू केलं की कुजक्या अंड्यांचा वास. टाकी रिकामी करून नवं भरलं तरी आठ-दहा दिवसांत पुन्हा तेच. एकदा त्यानं मला बोलावलं, पाइपाचा जोड सोडला, आत बोट फिरवलं आणि माझ्यासमोर धरलं. बोटावर शेंबडासारखा करडा थर होता.

“घाण टाकीत न्हाय मर्दा, हितं हाय. नवं कूलंट ह्याच्यावरनंच जातंय की.”

कूलंट पुरवणाऱ्या माणसाला विचारून त्यानं सगळं समजून घेतलं होतं. जिवाणू पाण्यात नुसते तरंगत नाहीत, ते लोखंडाला जाऊन टेकतात. सुरुवातीला पकड कच्ची असते, पाण्याच्या जोरानं सुटतातही. पण एकदा बसले की अंगातून चिकट रस सोडतात, त्यातच रुततात, वाढतात. जिथं पाणी संथ, म्हणजे वळणाला आणि जोडापाशी, तिथं थर जास्त. टाकीत औषध घातलं की तरंगणारे मरतात, थराच्या आतले जगतात आणि चार दिवसांत टाकी पुन्हा भरून टाकतात. त्याला उपाय एकच. लाइन उघडायची, आतून घासायची, औषधाचं पाणी फिरवायचं. पुरी एक शिफ्ट जाते.

नवमीला पूजेसाठी मशीन बंद असतं, आदल्या दिवशी धुणं-पुसणं असतंच, तेव्हा करू, असं तो म्हणाला. मी म्हटलं, तू घरी जा सणाला, मी दोन माणसं घेऊन करून घेतो. तो माझ्या भरवशावर गेला.

त्या दिवशी माल द्यायची घाई होती. संध्याकाळपर्यंत मी मशीन चालवलं. उरलेल्या वेळात बाहेरून धुतलं, रंगाचा हात मारला, झेंडूचा हार घातला. इतकं चकाचक झालं की मालकांनी फोटो काढला. आत मात्र फक्त टाकीतलं कूलंट बदललं होतं. ते त्या थरावर सणाचे दिवस तसंच साचून राहिलं.

दसऱ्यानंतरच्या पहिल्या लॉटवर नासक्या कूलंटनं गंजाचे तांबडे ठिपके आले. सगळा माल परत आला. मालक खाली शॉपात आले आणि लाइन धुतली होती का, विचारलं. मी रजिस्टर पुढं केलं. मग ते सेटरकडे वळले. तो नुसता माझ्याकडे बघत राहिला. सगळे थांबले होते. मी म्हणालो, “मिक्सिंग त्याच्याकडंच असतंय, मालक.”

वाक्य खरंच होतं. म्हणून तर ते चाललं.

त्याला सेटिंगवरून काढून जॉबच्या कडा घासायला बसवलं. पोरं त्याला ‘गटार मिस्त्री’ म्हणायला लागली. एकदा मीही हसलो, त्याच्यासमोर. दोन महिन्यांनी त्यानं काम सोडलं. शेवटच्या दिवशी गेटपाशी सायकल धरून उभा होता, म्हणाला, “माल परत आला त्याच दिवशी लाइन मी उघडून बघितलीती. तू बोलशील म्हणून गप बसलो.”

पुढच्या सुट्टीला मी एकटा शॉपात गेलो. सगळे जोड सोडले, तारेच्या ब्रशनं आतून घासलं, औषधाचं पाणी दिवसभर फिरवलं. त्यानंतर कूलंट नासलं नाही. आणि शॉपात बोलणं सुरू झालं, बघा, तो गेला आणि वास गेला. मला वाटलं होतं, निदान मशीनचं तरी निस्तरलं. मी लाइन धुतली आणि त्याच्यावरचा आळ पक्का केला. तेव्हाही मी गप्पच होतो.

मागच्या वर्षी मंगळवार पेठेत एका हार्डवेअरच्या दुकानात तो समोर आला. आता गावाकडे पंप दुरुस्त करतो. आयटीआयपासून मला मर्दा म्हणणारा माणूस, “काय पावणं, बरं हाय न्हवं?” म्हणाला, वॉशरची पुडी घेतली आणि निघून गेला. मी नुसती मान हलवली.

मालक अजून आहेत, त्या पोरांतली बरीचशीही तिथंच आहेत. त्या सगळ्यांसमोर, तो तिथं उभा असताना, मला सांगायचं राहिलं आहे की लाइन मी धुतली नव्हती आणि सही माझी होती.