शैलाने मोडलेलं घर

माझी बायको शैला रस्त्यात पडलेलं काही दिसलं की उचलणार म्हणजे उचलणारच. बटण, केसांची पिन, कुणाचा हातमोजा. मी म्हणायचो, "अगं, लोक बघतात." ती म्हणायची, "बघू देत. त्यांचंच पडलंय ना?"

मुलाकडे इंग्लंडात वॉटफर्डला राहायला आलो तरी तेच. एका रविवारी सून नेहा आम्हाला गाडीने एका माळावर घेऊन गेली. वाळूचा उतार, छान ऊन. गवताच्या बुडाशी शैलाला मातीने माखलेली समईची वात दिसली. वाती ती स्वतः वळायची, त्यामुळे तिला शंकाच नाही आली. "कुणाची पडली गं इथे?" म्हणत तिने ओढली. हातात आली फाटकी रेशमी नळी.

माळाची राखण करणारी गोरी बाई धावत आली. तिने जे सांगितलं ते नेहाने मराठीत सांगितलं. हा पर्सवेब नावाचा कोळी. इंग्लंडच्या दक्षिणेला आणि वेल्समध्ये अशा उबदार उतारांवर असतो, खाली युरोपातही. मादी वर्षानुवर्षं त्या नळीतच राहते. थोडी नळी वर, बाकी जमिनीत. वरून किडा चालला की आतूनच चावते, ओढून घेते आणि भोक शिवून टाकते. बाईने फोनवर फोटो दाखवला. काळपट तपकिरी, तेल लावल्यासारखी चकचकीत, आणि जबडे केवढे!

"तुमच्या आत्यासारखी दिसते," शैला मला म्हणाली. पण हसली नाही. "अहो, मी बाईमाणसाचं घर मोडलं."

त्याच आठवड्यात तिच्या पोटाचं मोठं ऑपरेशन होतं. ती हटून बसली. "तिने घर शिवलं का ते बघणार. मग हॉस्पिटल."

मुलगा ओरडला, "आई, कोळी आहे तो!"

"असू दे. मोडलं मीच ना?"

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नेहा आम्हाला परत माळावर घेऊन गेली. शैला माझा खांदा धरून कशीबशी खाली बसली. त्याच जागी नवं टोक आलं होतं, त्यावर वाळूचे कण चिकटवलेले. हात न लावता ती कितीतरी वेळ बघत राहिली. "शिवलं हो हिने," म्हणाली आणि पदराने डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात ती अगदी मोकळी होती. मलाच दटावलं, "इथे तोंड पाडून बसू नका. घरी जाऊन जेवा. फ्रिजमध्ये वरण ठेवलंय."

ऑपरेशनमधून ती उठली नाही.

सगळं आटपून घरी आलो तेव्हा ते वरण आंबलं होतं. नेहा टाकायला निघाली. मी तिच्या हातातून भांडं घेतलं, गरम केलं आणि खाल्लं.