पाण्याला पार्वो काढणारे साळवे सर

मंगळवार, सकाळचे पावणेअकरा. डॉ. मिलिंद साळवे यांनी माझ्यावर अन्याय केला ती ही वेळ, आणि त्यांची माझी खरी ओळख झाली तीही हीच. आमच्या पशुरोग प्रयोगशाळेत ते आदल्याच दिवशी प्रमुख म्हणून रुजू झाले होते.

कुत्र्यांच्या आठ पिल्लांचे पार्वोचे, म्हणजे जीवघेण्या जुलाबांच्या विषाणूचे, पीसीआर अहवाल मी त्यांच्यापुढे ठेवले. आठही पॉझिटिव्ह.

"बाई, नवव्या नळीत काय होतं?"

"नुसतं पाणी. पडताळणीला ठेवतो ते."

"मग पाण्यालाही पार्वो झालाय!"

शाळेतल्या ननांनंतर मला असं कोणी पकडलं नव्हतं. चाचणी पूर्ण झालेल्या, विषाणूच्या अंशांनी भरलेल्या नळ्या आम्ही मागच्या खोलीत उघडत असू. तिथला ॲप्रन न बदलता मी पुढच्या खोलीत नमुने लावले होते. विषाणूचा अंश माझ्या बाहीवरून सगळीकडे पोचला. त्यात बजाजनगरच्या एका कामगाराला मी फोनवर त्याच्या पिल्लाचा निकाल सांगूनही बसले होते.

सरांनी आठही अहवाल रद्द केले आणि नोंदवहीत चुकीपुढे स्वतःचं नाव लिहिलं.

"सर, ॲप्रन माझा होता."

"नियम लावणं माझं काम होतं."

"तुम्ही कालच आलात!"

"म्हणजे एक दिवस वाया घालवला."

मग मला स्कूटरवर मागे बसवून त्यांनी बजाजनगर गाठलं. शेजाऱ्यांच्या धाकाने त्या गृहस्थांनी पिल्लाला लांब सोडून यायला पोतं काढून ठेवलं होतं.

"म्हंजी आमची राणी चांगली हाय?"

"ते अजून मला माहीत नाही. ताजा नमुना द्या, उद्या खरं काय ते सांगतो. तोवर ती घरातच राहील."

दुसऱ्या दिवशी निकाल निगेटिव्ह आला. राणीला नुसते जंत झाले होते.

त्यानंतर मागच्या खोलीत गेलेल्याने त्या दिवशी पुढच्या खोलीत यायचं नाही, हा नियम झाला. एकदा सर मागे जाऊन आले आणि त्यांचाच डबा पुढच्या खोलीत राहिला. ते आत गेले नाहीत. माझ्या डब्यातली अर्धी भाकरी खाल्ली आणि वर ठेच्यात मिरची कमी आहे म्हणाले. ते दिवस फार आठवतात.

आजही नव्या मुली हसतात, "सरांनी म्हणे पाण्याला पार्वो काढलेला!" सरही त्यांच्यात हसतात. मी आधी नोकरीच्या भीतीने गप्प राहिले, पुढे सवयीने. याची लाज मला आहे, म्हणून सरांच्या या गौरव अंकात सर्वांसमोर लिहिते.

सर, पंच्याहत्तरी झाली, आता धडधाकट राहून शंभरी गाठा. मात्र त्या नोंदीत तुमचं नाव खोडून माझं लिहा, खाली सही करा आणि तसं केल्याचं लेखी उत्तर तुमच्या पंच्याहत्तरीच्या सोहळ्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत माझ्या गारखेड्याच्या घरी पोचवा.