बाईंचा गार चहा

कुणाविषयी लिहावं एवढा माझा अधिकार नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. अजून चार ओळी लिहिल्या की दोन खोडतो. तेव्हा आधीच माफी मागतो. पण एक गोष्ट मी न खोडता लिहू शकतो: आमच्या मानसशास्त्राच्या बाईंइतका गार चहा उभ्या वऱ्हाडात कुणी प्यायला नसेल.

कारंज्याच्या कॉलेजात त्या शिकवायच्या आणि दुपारी आपल्या भाड्याच्या घराच्या ओसरीवर बायकांचं ऐकत बसायच्या. कुणाला झोप नसे, कुणाचे हात थरथरत. बाई औषध देत नसत, घरच्या पुरुषांना बोलावणं धाडत. "तिले जरा समजावा," असं कुणी नवरा म्हणाला की बाई म्हणत, "समजावते. आधी तुम्ही बसा." मग तासभर त्याचीच तपासणी. कापसाच्या अडतीवर गरजणारी माणसं तिथून घाम पुसत बाहेर पडताना मी पाहिली आहेत. बाईंचं म्हणणं एकच: "दुखणं तुम्ही बाईच्या डोक्यात शोधता. ते पुष्कळदा घराच्या रिवाजात असतं." वर्गातही पुस्तक मिटून विचारायच्या, "काल तुमच्या घरी शेवटी कोण जेवलं? तिच्यापुरतं काय उरलं होतं?" आणि कुठल्याही घरी चहा आला, की तो करणारीच्या हातात कप येईपर्यंत त्या स्वतःचा उचलत नसत. यजमान ओशाळे, चहावर साय धरे, बाई मजेत बसून असत.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची गोष्ट. माझी अक्का मानोऱ्याकडच्या एका खेड्यात दिलेली. तिसरी मुलगी झाली आणि ती बोलायचीच थांबली. काम सगळं करी, शब्द नाही. सासूबाईंनी ठरवलं, बाहेरचं लागलं आहे. अमावास्येला भगताकडे न्यायचं, मिरच्यांची धुरी द्यायची. शेजारच्या गावची एक सून तशा धुरीतून जिवंत उठली नव्हती. हे सगळं मी बाईंना अडखळत सांगितलं. "एस.टी. किती वाजता?" एवढंच त्यांनी विचारलं.

आम्ही पोचलो ती अमावास्याच; भगताकडे जायला अंगणात बैलगाडी जुंपलेली होती. बाईंनी आल्या आल्या घोळ केला. सासूबाईंना म्हणाल्या, "तुमच्याच धाकानं ही अशी झाली आहे."

सासूबाईंनी पदर खोचला. "आमच्या घरचं आमी पाहू. चाय प्या अन् निंगा."

अक्कानं चहा आणून ठेवला आणि चुलीपाशी गेली. बाईंनी कप उचलला नाही.

"काहून? जहर नाही टाकलं त्यात."

"जिनं केला तिचा कप?"

"ते मंग पेते."

"मग मीही मग."

भाऊजी कासरा धरून दारात उभे. बैल मान हलवत, घुंगरं वाजत. मला वाटलं, आता आम्हाला बाहेर काढतील आणि अक्काला गाडीत घालतील. बाई सासूबाईंकडे वळल्या. मग हळू म्हणाल्या, "चुकलं माझं, आई. मघाशी नुसतं सुनावलं, तुम्हाला विचारलं काहीच नाही. तुम्ही शेवटचा गरम चहा कधी प्यालात?"

सासूबाई हसल्या. "मले कोण विचारते, बाई? माह्या सासूच्या राज्यात..." आणि हसता हसता थांबल्या. "मीबी बोलत नव्हती. पह्यली लेक गेली तवा. मलेबी धुरी देल्ली होती."

भाऊजी आईकडे बघतच राहिले. त्या उठल्या, बाईंपुढचा कप चुलीपाशी नेऊन अक्काच्या हातात दिला आणि तिथंच खाली बसल्या. अक्कानं घोट घेतला.

"साखर कमी झाली," ती म्हणाली.

"गाडी सोड रे!" सासूबाई ओरडल्या.

अक्का एका दिवसात बरी झाली नाही. बाजाराच्या दिवशी भाऊजींनी तिला घेऊन ओसरीवर यायचं, स्वतःही बसायचं, आणि रोज घरचं पाणी भरायचं, असं बाईंनी ठरवून दिलं. गाव चिडवायचं, "काय भाऊ, कोनाची सून झाला?" भाऊजी घागर सावरत म्हणायचे, "बाईची!"

पुढं बाई निवृत्त होऊन दूर भावाकडे गेल्या. परवा स्टँडवर कॉलेजचा शिपाई भेटला. म्हणाला, बाई दिवाळीआधीच वारल्या. मी तसाच अक्काकडे गेलो आणि तिला, भाऊजींना, सासूबाईंना सांगितलं. अक्कानं चूल पेटवली.

"तिकडं तिले कोनी गरम चाय देल्ला असन काय वं?" सासूबाईंनी विचारलं.

चौघांच्या हातात कप होते. कुणीच आधी तोंडाला लावेना.