फोटोवाल्याच्या काचा

फोटोवाल्याच्या काचा मी राखेनं घासून लख्ख केल्या होत्या. आज सांगताना हसू येतं, तेव्हा जीव जायचाच राहिला होता. परवा नातू मोबाइल रोखून म्हणाला, "आजी, जरा सैल बस ना!" तर पाठ उलट ताठ झाली.

डोणगावात मी नवी सून होते. आजेसासूबाईंनी जन्मात फोटो काढू दिला नव्हता. आपल्या आईचा एक तरी फोटो घरात असावा म्हणून सासऱ्यांनी किती विनवण्या केल्या, तेव्हा कुठे त्या तयार झाल्या. मेहकरहून फोटोवाला आला आणि ओसरीवर पेटी ठेवून जेवायला बसला. पाहुण्याचं सामान पुसून ठेवावं, म्हणून या अतिशहाणीनं पेटी उघडली. आत काळ्या कागदात दुधाळ, मळकट काचा! घासल्या अन् उन्हात वाळत मांडल्या.

आजेसासूबाई ठेवणीतलं लुगडं नेसून अंगणात खुर्चीवर बसल्या, तोच फोटोवाला ओरडला, "माह्या काचा कोनं धुतल्या? फोटो उमटाचा मसालाच धुतला, आता फोटो कायचा निघते!"

सगळ्यांचे डोळे माझ्या राखेनं माखलेल्या हातांवर. सासरे लालबुंद होऊन माझ्याकडे वळले, "काऊन हात लावला तू?" मी हात पदराला पुसत मागे सरकले.

आजेसासूबाईंनी माझा हात धरला. त्यांचा हात माझ्याहून जास्त थरथरत होता, हे मला आत्ता आठवतं. त्या लेकाला म्हणाल्या, "गप बैस बे! फोटो काढला का मानूस लवकर मरते म्हंतेत. नातसुनेनं वाचवलं मले."