सूर्यभानजींच्या गावात कोणी आजारी नव्हतं

सूर्यभानजी सोयरिकी जुळवायचे. चांदूर रेल्वेपासून वर अचलपूर आणि तिकडे अकोल्यापर्यंत कुठल्या घरी पोरगी लग्नाची आहे आणि कुठल्या घरी पोरगा बसून आहे, हे त्यांना तोंडपाठ. घरची काळी जमीन भाऊ पाहायचा, आणि हे धोतर सावरत बसमध्ये चढायचे. पोरगी तिरळी असली तर म्हणायचे, "नजर मोठी तेज हाय बापा, एकाच वक्ती दोन्हीकडं लक्ष!" पोरगा लंगडत असला तर म्हणायचे, "घर सोडून पळून जाणाऱ्यातला नाई." शंभर खोटं बोलावं पण एक लग्न जुळवावं, असं लोक नुसतं म्हणतात. सूर्यभानजी तसं वागायचे.

पण आजाराचं नाव निघालं की त्यांचं तोंड उतरायचं. व्यंग समोर दिसतं, त्याला काहीतरी गोड नाव देता येतं. आजार एकदा बाहेर फुटला की त्या घरच्या साऱ्या पोरी बसून राहतात. म्हणून गावाला त्यांची शिकवण एकच, झाकली मूठ सव्वा लाखाची. आमच्याकडे ताप आला तर 'ऊन लागलं' म्हणायचं, खोकला आला तर 'मिरचीचा ठसका लागला' म्हणायचं. काही घरांत वर्षवर्ष ठसका चालायचा, पण मिरची कमी करा म्हणून कोणी सांगितलं नाही.

साठ-एकसष्टच्या सुमाराला गावात प्रमोदिनीबाई आल्या. त्या अमरावतीच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत, आणि विद्यापीठाच्या संशोधनासाठी गावोगावच्या आजारांची नोंद करत होत्या. फिरत्या दवाखान्याची मोटार होती एक आणि गावं पन्नास. मोटार कुणाकडे पाठवायची, हे वशिल्यावर ठरू नये, आकड्यांवर ठरावं, असा बाईंचा हट्ट होता. हट्ट चांगलाच होता हो, पण त्यांची गाठ सूर्यभानजींशी होती.

बाई येणार हे कळल्याबरोबर सूर्यभानजी दारोदार फिरले. "आयका, हे लिवलेलं अमरावतीले जाते. अन् अमरावतीत आपले सोयरे किती हायेत? मंग काय बोलायचं ते तुमीच ठरवा."

गावानं ठरवलं. मैनाबाई हिवतापानं गोधडीत कुडकुडत होती. बाईंनी विचारलं तर म्हणाली, "मले गोधडीची आवडच हाय लहानपणापासून." नत्थुजींचा गुडघा भोपळ्याएवढा सुजलेला. ते म्हणाले, "आमच्या घराण्यात गुडघे मोठेच असतात, बाई." सूर्यभानजींच्या ओसरीवर त्यांची मुलगी शालू भिंतीला टेकून खोकत होती. बाई तिच्याकडे पाहतच राहिल्या. सूर्यभानजी म्हणाले, "मिरची."

काही आठवड्यांनी बाई कार्डांचे गठ्ठे घेऊन शाळेत आल्या आणि आपली रीत त्यांनी साऱ्यांना दाखवली. प्रत्येक माणसाचं एक कार्ड, कडेनं भोकं, प्रत्येक आजाराचं भोक वेगळं. ज्याला तो आजार असेल त्याच्या भोकाची कड कापायची. मग त्या भोकातून लांब सळई घालून गठ्ठा उचलायचा आणि हलवायचा. धडधाकट माणसाचं कार्ड सळईवर लटकून राहतं, आजाऱ्याचं खाली पडतं. बाईंनी शेजारच्या गावाचा गठ्ठा हलवला, तर कार्डं भराभरा पडली. आमच्या गावाचा हलवला. एक पडलं नाही. पुन्हा हलवला, जोरात हलवला. काही नाही.

"म्हणून मोटार शेजारच्या गावाला जाईल," बाई म्हणाल्या.

आता काय सांगू, गावाला आनंद झाला! शेजारचं गाव रोगट निघालं आणि आपलं ठणठणीत. सूर्यभानजी तर पुढचे आठ दिवस बसमध्ये भेटेल त्याला सांगत होते, "आमचं गाव विद्यापीठानं तपासलं. एक कार्ड पडलं नाई." त्याच जोरावर त्यांनी शालूची सोयरीक अचलपूरच्या एका चांगल्या घरी पक्की करून टाकली.

त्यानंतर एका सकाळी त्यांच्या बायकोनं, रुख्मिणीनं, शालूचा रुमाल त्यांच्यापुढे धरला. रुमालावर रक्त होतं.

"हेही मिरचीनंच आलं काय?" रुख्मिणी म्हणाली. "पोरगी मरून राहिली माही, अन् तुमी सोयरे मोजून राहिले!"

एकुलती एक पोर हो ती, जीव होता तिच्यावर. सूर्यभानजी लपून तिला अमरावतीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, क्षय आहे, बरा होतो, पण वर्षभर सुया आणि गोळ्या घ्याव्या लागतील, एकही चुकवायची नाही. आता वर्षभर त्या खोकणाऱ्या पोरीला बसच्या गर्दीत कोण नेणार? नेलं तरी ते लपणार कसं?

तिथून ते तडक प्रमोदिनीबाईंच्या घरी गेले आणि हात जोडून म्हणाले, "बाई, एक कार्ड कापा. नाव लिवू नका, पण मोटार आमच्याकडे फिरवा."

बाई चिडल्या. "एका कार्डासाठी मोटार फिरवून दुसऱ्या गावच्या लोकांचं औषध तोडू? सूर्यभानजी, तुमचं गाव आजारी आहे हे मला दिसत होतं. पण मला दिसलेलं चालत नाही, लोकांनी सांगावं लागतं. गावाला खरं बोलायला लावा. मी गठ्ठा घेऊन पुन्हा येते."

सूर्यभानजी घरोघर जाऊन आले. "आता सांगा बाईंले, जे असल ते सांगा." लोकांना वाटलं हा यांचा नवीन डाव आहे. मैनाबाईनं तर डोळा मारला. "समजलं, सूर्यभानजी. मी नाई सांगत." शिकवण अशी मुरली होती की आता गुरूचंही कोणी ऐकेना. हौसेनं केला पती, त्याला भरली रगतपिती, म्हणतात ना, तशी गत झाली.

राहता राहिला एकच उपाय. तो त्यांना कळत होता, पण तोंडातून निघत नव्हता. शेवटी शालूच म्हणाली, "बाबा, सांगून टाका नं. मेलेल्या पोरीशी कोण करते लग्न?"

बाई आल्या त्या दिवशी शाळेपुढे सारा गाव जमला होता. बाईंनी विचारलं, कोणाला काही सांगायचंय? कोणी हूं की चूं केलं नाही. सूर्यभानजी उठले. जन्मभर ज्यांच्या जिभेला हाड नव्हतं, ते आज एकेक शब्द मोजून बोलले.

"लिवा, बाई. शालू सूर्यभान. खोकला हाय. ताप हाय. रक्त पडते. मिरची नाई, क्षय हाय."

मग मैनाबाई गोधडीसकट उठली. "मंग माहाही हिवताप लिवा, माय! काहून मरू मी उगाच?" नत्थुजींनी सगळ्यांदेखत धोतर वर करून गुडघा काढला. मग जी रीघ लागली! कोणाची सून, कोणाचा म्हातारा, ज्याचा त्याचा ठसका. संध्याकाळी बाईंनी गठ्ठा हलवला तर निम्मं गाव जमिनीवर पडलं.

मोटार आमच्याकडेही आठवड्यातून दोनदा यायला लागली. अचलपूरची सोयरीक अर्थातच मोडली. सूर्यभानजींचा धंदाही बसला. जो आपल्या पोरीचं झाकू शकला नाही, तो आमचं काय झाकणार, असं लोक म्हणायचे. ते आता मोटारीची वाट पाहत बसायचे आणि शालूची एकही सुई चुकू द्यायचे नाहीत. पोरगी वर्षभरात बरी झाली, गालांवर मांस आलं, आणि रुख्मिणीशी भांडायलाही लागली. तरी तिला मागायला कोणी आलं नाही.

दोन वर्षांनी अकोल्याहून माणिकबाई नावाची एक विधवा आली. तिला मुलासाठी शालूला पाहायचं होतं. सूर्यभानजींनी चहा यायच्या आत सारं सांगून टाकलं. कोणता आजार, किती सुया, डॉक्टर काय म्हणाले, सगळं. पाहुणी आता उठेल म्हणून त्यांनी तिच्या वहाणा कुठे आहेत तेही पाहून ठेवलं.

माणिकबाई उठली नाही. "मले मालूम हाय," ती म्हणाली. "अकोल्यापर्यंत बोभाटा हाय तुमचा. म्हनूनच आली मी. तुमी मले ओळखलं नाई?"

सूर्यभानजींनी नाही म्हणून मान हलवली.

"माह्या थोरल्या पोरीची सोयरीक तुमीच जमवली होती. तिले खोकला होता. तुमी म्हणाले, बोलू नका, लग्न झाल्यावर खोकला बसते. आमी बोललो नाई. तीही सासरी बोलली नाई. साल नाई काढलं तिनं."

शालू चहा घेऊन दारात उभी होती. सूर्यभानजींनी उपरणं डोळ्यांना लावलं आणि बाईमाणसासारखे हमसून हमसून रडायला लागले.

माणिकबाईनं त्यांना रडू दिलं. मग शालूच्या हातातला कप घेतला आणि तिला आपल्या शेजारी बसवून घेतलं. "तिच्याबद्दल बोलायले हवं होतं, सूर्यभानजी," ती म्हणाली. "हिच्याबद्दल तरी बोलले."