रक्तदाबाची गोळी आणि ज्येष्ठेचा मुखवटा

माझी धाकटी जाऊ इथल्याच, जबलपुरातल्या गढ्याची. तब्येतीने खणखणीत, कामाला वाघीण, आणि रात्री उशीला डोकं टेकलं की झोपलीच. मला तिचा हेवा वाटायचा. आडवळणाने कशाला सांगू? तिच्या झोपेचा वाटायचा, भुकेचा वाटायचा, आणि सासूबाई तिला हाक मारताना आवाज जो मऊ करायच्या ना, त्याचा सगळ्यांत जास्त.

आमच्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघींचे मुखवटे मातीचे, सासूबाईंच्याही सासूच्या वेळचे. अंगणातल्या तुळशीपासून त्यांना घरात आणायचं. ज्येष्ठा थोरल्या सुनेच्या हातात, कनिष्ठा धाकटीच्या. लग्न होऊन अमरावतीकडून जबलपूरला आले तेव्हापासून या घरात माझं म्हणून काही होतं तर ते एवढंच, ज्येष्ठेचा मुखवटा.

त्या वर्षी मला रक्तदाब निघाला. आमचे हे फॅक्टरीत कामाला, तिथल्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी एक इवलीशी गोळी दिली, सकाळ-संध्याकाळ. दाब उतरला, पण तोंडात कापूस कोंबल्यासारखं कोरडं आणि डोळ्यांवर सतत झापड. एकदा तांदूळ निवडता निवडता डुलकी लागली आणि सूप मांडीवरून उलटलं. सासूबाई बघतच होत्या. संध्याकाळी सगळे चहाला बसले असताना म्हणाल्या, "थोरली बसल्या बसल्या झोपून राहिली. मुखवटा हातातून सुटला तर? या वर्षी ज्येष्ठा धाकटी आणील."

जावेने मान खाली घातली. हसली असेल किंवा नसेलही. मला मात्र ती हसलेलीच दिसली.

महालक्ष्म्यांच्या आधी तीज येते, हरतालिका. आमच्या मोहल्ल्यात तिजेचं फार. पाण्याचा थेंब नाही की फळ नाही. मी ठरवलं, या वर्षी असा कडक उपास करायचा, पूजेत असं ताठ बसायचं, की सासूबाईंना शब्द मागे घ्यावा लागेल. पण गोळीने तोंड आधीच कोरडं, त्यात निर्जळी कशी निभायची? म्हणून तिजेच्या आदल्या दिवसापासूनच मी गोळी बंद केली. कोणाला सांगितलं नाही. माझ्या मते त्यात चूक काहीच नव्हती. उपासात औषध सोडणाऱ्या बायका आमच्या गल्लीत घरोघरी होत्या.

आणि खरं सांगते, आदल्या दिवशी काय हुशारी वाटली! झापड गेली. मी पुरणपोळ्यांना लागते एवढी कणीक एकटीने तिंबली, जावेच्या आधी अंगण सारवलं, नर्मदेची वाळू चाळून पिंडीसाठी तयार ठेवली. सासूबाई म्हणाल्या, आज थोरलीच्या अंगात काय आलं? मी जावेकडे बघून घेतलं.

तिजेच्या दुपारी वाळूच्या पिंडीला बेल वाहताना छातीत धडधड सुरू झाली. आधी वाटलं उपासाने असेल. मग हात कापायला लागले, घामाने पाठ भिजली, डोक्यात कोणी खलबत्ता कुटतंय असं झालं. मी ताठच बसून राहिले. जावेने माझ्या हातातलं बेलाचं पान थरथरताना पाहिलं आणि पूजा सोडून ती उठली. "दीदी, तुमचे हात काहून असे होऊन राहिले?" म्हणून तिने मला धरलं, यांना हाक मारली, रिक्षा बोलावली. तिचा हात माझ्या काखेत आणि माझ्या मनात काय, तर आता ही मला वाचवण्याचं पुण्यही घेणार.

डॉक्टरांनी पट्टा बांधून दाब पाहिला, पुन्हा पाहिला, मग मला विचारलं, "गोली कब से बंद है?" जाऊ माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी सांगितलं, कल से. त्यांनी आधी गोळी गिळायला लावली, पाण्यासकट, तीज असो की काही. मला दवाखान्यातच ठेवून घेतलं.

दोन दिवसांनी दाब उतरल्यावर त्यांनी समजावलं. पुढे मुलाच्या शाळेतल्या पुस्तकांतून आणि मिळेल तिथून वाचून मी ते पक्कं केलं. शरीरात कॅटेकोलामाइन नावाची द्रव्यं असतात. आपल्याला राग आला, धसका बसला की हीच नसांच्या टोकांशी सुटतात, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयाला पळवतात. पण मेंदूच्या तळाशी यांचंच काम उलटं. तिथे ती त्या नसांना दटावतात, हळू घ्या म्हणतात. तीच सासू, चुलीपाशी आली की सगळ्यांची धावपळ, आणि देवघरात बसली की घर चिडीचूप, तसं. माझी गोळी मेंदूत जाऊन तेच दटावायचं काम करायची. ती हळूहळू कमी करून सोडली तर चालतं. एकदम सोडली की दाबून धरलेल्या सगळ्या नसा एकाच वेळी उसळतात, आणि दाब पहिल्यापेक्षाही वर जातो.

जाऊ डबा घेऊन आली होती, बाहेर यांच्याशी बोलत होती. मी आवाज खाली करून विचारलं, "डॉक्टर साहब, जलन से भी बढ़ता है क्या?"

"किसकी जलन?"

मी म्हटलं, ऐसेही पूछा. ते हसले आणि म्हणाले, बढ़ता है, लेकिन गोली छोड़ने जितना नहीं.

महालक्ष्म्या आल्या तेव्हा मी घरी होते, पण उभं राहायची मनाई. सासूबाईंनी ज्येष्ठा जावेच्या हातात दिली आणि कनिष्ठा स्वतः घेतली. मला उंबरठ्याच्या आत खुर्ची टाकून दिली, आतून विचारायला कोणी तरी लागतंच म्हणून. तुळशीपासून त्या दोघी कुंकवाच्या पावलांवरून आल्या. जावेच्या नाकावर घाम, हात अगदी जपून धरलेले. मुखवटा तिला शोभत होता, हेच मला बघवेना.

"महालक्ष्मी आली?" मी विचारलं.

"आली," जाऊ म्हणाली.

"कशाच्या पावलांनी आली?"

"सोन्याच्या पावलांनी."

इथे आत घ्यायचं असतं. मी विचारलं, आणखी कशाच्या? ती म्हणाली, मोत्यांच्या. मी विचारलं, आणखी? तिने माझ्याकडे पाहिलं. सासूबाई मागून म्हणाल्या, अगं बाई, किती वेळ बाहेर उभं ठेवते. जाऊ शांतपणे म्हणाली, "विचारू द्या आई. दीदी विचारतील तोवर मी उभी राहते."

मी आणखी दोनदा विचारलं. मग वाट दिली.