साडूंच्या रानातला चर

उभ्या मराठवाड्यात जास्त पाण्याची धास्ती घेतलेला माणूस एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू निघावा, हे माझं नशीब. नळाला आठव्या दिवशी पाणी यायचं, गल्लीत टँकर शिरला की भले भले बादल्या घेऊन धावायचे, आणि हा गृहस्थ गच्चीवर दोन बादल्यांत तीळ पेरून, एकीच्या बुडाला भोक पाडून, दोन्हींत पाणी ओतत बसलेला. बसलेला म्हणायचं आपलं. साडूंना बसलेलं मी लग्नाच्या पंगतीतही पाहिलेलं नाही. हातात चहाचा कप घेऊन ते घरभर फिरतात. एकदा असेच फिरता फिरता त्यांनी आमच्या कुंड्यांखालच्या सगळ्या ताटल्या मोरीत रिकाम्या केल्या. भाज्या धुतलेलं पाणी माझ्या बायकोनं जपून तिथं घातलं होतं. "भाऊजी, नळाला अजून पाच दिवस आहेत," ती रडवेली होऊन म्हणाली. "मुळांना हवा लागती. पाणी साचलं की गुदमरतात बिचारी," असं म्हणत ते जिन्यापर्यंत पोचलेसुद्धा. बिनभोकाच्या बादलीतला तीळ पिवळा पडला, तेव्हा ती बादली स्कूटरवर दोन पायांत धरून ते मला दाखवायला आले होते.

चिकलठाण्याच्या पलीकडे त्यांचं आणि थोरल्या भावाचं सामाईक रान आहे. खालच्या अंगाला नवी कॉलनी झाली, तिचा रस्ता भर टाकून उंच केला आणि रानातलं पाणी निघायची वाट बुजली. तीन कोरड्या वर्षांत ते कुणाच्या ध्यानातच आलं नाही. चौथ्या वर्षी तीळ ऐन फुलात असताना दोन दिवस पाऊस लागला. साडूंचा फोन आला, "फावडं घेऊन या." मी पोचलो तर रानात घोटाभर पाणी आणि बांधावर थोरले दादा आडवे उभे.

"तीन साल थेंबाला तरसलो, अन् आता आलेलं पाणी सोडून देतो व्हय? जिरू दे."

"दादा, काळं रान हाय, लवकर जिरत नाय. तीळ जाईल."

"पाण्यानं पीक जातं, हे सांगणारा तूच पहिला."

साडूंनी दादांचा शब्द कधी मोडलेला नाही. दिवसभर ते फावडं खांद्यावर घेऊन बांधावर येरझारा घालत राहिले. संध्याकाळी तिळानं पाण्यात उभ्या उभ्या माना टाकल्या. दादा हळहळून म्हणाले, "बघ, अजून पाणी कमी पडायलंय." साडूंनी फावडं दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मला मात्र ओरडावंसं वाटलं. सुगीला बोंडं मोजकीच धरली, दाणे पोचट निघाले.

पुढच्या साली मृगाआधी, कुणी न सांगता, दादांनी एकट्यानं गुडघाभर खोल चर खणला, पार नाल्यापर्यंत. त्या साली पाऊस आलाच नाही, आणि त्याच्या पुढच्या सालीही नाही. साडू दर रविवारी जातात, चरातून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतात, कॉलनीतून उडून आलेला कचरा काढतात. परवा मीही सोबत होतो. दादा दमून लिंबाखाली टेकले होते. या दोन वर्षांत ते फार वाकले आहेत. साडू चरात उभे राहिले, पहिल्यांदाच अगदी स्तब्ध, आणि दादांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू मला म्हणाले, "एकदा तरी रान तुंबून हा चर वाहायला पाहिजे हो. दादा हायेत तोवर."